वडीलकी आणि विद्या

आश्रमव्यवस्थेने आयुष्याची वाटणी करताना शिकणं पहिल्याच खणात ठेवलं: आधी विद्या, मग संसार, मग एकेक सोडत जाणं. ती वाटणी आपल्या बोलण्यात अजून शाबूत आहे. सत्तरीतलं कुणी अक्षरं गिरवू लागलं की 'आता या वयात कशाला?' असं विचारलं जातं, आणि बहुधा मायेनेच.

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत १६२८ मध्ये जन्मलेल्या संत बहिणाबाईंना असाच 'कशाला' ऐकावा लागला, फक्त कारण वेगळं होतं. ब्राह्मणाच्या बायकोने कुणबी तुकोबांना गुरू का मानावं? नवऱ्याचा राग सोसून त्यांनी गुरू सोडला नाही आणि 'वज्रसूची' मराठीत आणली. ब्राह्मण्य नेमकं कशात, देहात, जातीत की विद्वत्तेत, असं विचारत तो ग्रंथ एकेक दावा खोडतो. आत्मज्ञानाखेरीज काहीच टिकत नाही. या यादीत वयही घालायला हवं, असं मला वाटतं. वडीलकी हाही एक दावाच आहे. तो माणसाला शिकण्यातून बाद करतो, आणि गंमत म्हणजे मान देऊन बाद करतो.

यावर धार्मिक माणसाचा आक्षेप वजनदार आहे: उतारवय निवृत्तीचं, नामाचं, तिथे नवा व्याप कशाला? पण निवृत्तीत सोडायचं असतं काय? घर, पैसा सोडणं त्या मानाने सोपं. 'मला कळतं' हे सोडणं सर्वांत अवघड, आणि विद्यार्थी व्हायचं तर तेच आधी सोडावं लागतं. परंपरेने चौदाशे वर्षांच्या चांगदेवाला कोवळ्या मुक्ताईचा शिष्य केलं. आख्यायिका अक्षरशः खरी मानायची गरज नाही. योगसिद्धी असलेल्या वृद्धाची साधना पोरीपुढे बसल्याखेरीज पुरी होत नाही, असं सांगावंसं वाटलं, हेच पुरेसं बोलकं आहे. तेव्हा शिकणं वैराग्याच्या आड येत नाही. वैराग्याचा कस तिथेच लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी: उपयोग काय? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, साठी ओलांडलेल्या या बायकांना नोकरी मिळायची नव्हती. अंगठ्याऐवजी सही करता येणं आणि पोथी स्वतः वाचता येणं, एवढंच त्यांना हवं होतं. उपयोगाची मोजपट्टी लावली तर हे थोडं भरेल. पण जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली पोथी स्वतःच्या डोळ्यांनी वाचणाऱ्या बाईला ऐकलेल्या अर्थाशी असहमत होण्याची सोय पहिल्यांदाच मिळते. मुलांच्या शाळांचा पैसा इकडे वळू नये, हे मान्य. मात्र अशा शाळेला खर्च तो किती!

स्मरणशक्ती उतरते, हेही खरं. पाठांतर म्हणजेच शिक्षण मानलं तर म्हातारपण हरणारच. आपल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत ज्ञानेश्वरीचं पारायण ठरल्या दिवसांत पुरं करायचं असतं. व्यासपीठचालकाच्या आवाजाबरोबर ओव्या पुढे सरकतात, आणि वाचणाऱ्यांत पिकल्या केसांचीच गर्दी जास्त. त्यांच्यापैकी कुणी एका ओवीवर अडून शेजारच्या कॉलेजातल्या पोराला अर्थ विचारला, तर त्याचं पारायण मागे पडेल. पडू द्यावं.