पाच पावसाळ्यांनंतरचं बक्षीस

अभियंता दिनाच्या एका कार्यक्रमात एका शिक्षणसंस्थेच्या प्रमुखांनी केलेलं भाषण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजात पहिले आले, त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं आणि तिथून त्यांची घोडदौड सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्राला शंभर विश्वेश्वरय्या हवे असतील तर शंभर पारितोषिकं ठेवा, हॅकेथॉन भरवा, पोरांना मंचावर बोलवा. टाळ्या भरपूर पडल्या. मला मात्र हे जवळपास सगळंच खोडून काढावंसं वाटतं, कारण हा विचार एका वक्त्याचा राहिलेला नाही. आपल्या कॉलेजांचा कारभार आज त्यावरच चालतो.

आधी इतिहास नीट पाहू. 1881 साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झालेला, शिकवण्या करून शिक्षण निभावणारा हा मुलगा पुण्याला आला तो म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ती नसती तर तो इंजिनिअर होण्याची शक्यता फार थोडी होती. 1883 मध्ये तो एल.सी.ई. या स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला आला, तेव्हा बर्कले पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला नेमणूक झाली. म्हणजे पारितोषिकाच्या आधी पैसा होता आणि नंतर काम होतं. खानदेशात पांझरा नदीवर भर पावसाळ्यात नळाचा सायफन टाकायची जबाबदारी एका पोरसवदा इंजिनिअरवर टाकणारं खातं होतं. खडकवासल्याची स्वयंचलित दारं 1903 सालची, पारितोषिकानंतर वीस वर्षांनी आलेली. ती वीस वर्षं कालव्यांवर, धरणांवर, नळयोजनांवर गेली. वक्त्यांनी ही वीस वर्षं वगळली आणि फक्त पदक ठेवलं.

आणि तो बर्कले कोण होता? जीआयपी रेल्वेचा मुख्य अभियंता. 1853 ची मुंबई-ठाणे गाडी ज्या मार्गावरून धावली तो आखणारा, भोरघाटातून रेल्वे चढवण्याची योजना करणारा. भोरघाटातला लोहमार्ग 1863 साली खुला झाला. बर्कले त्याच्या आदल्या वर्षीच, चाळिशीत, इंग्लंडमध्ये वारला. स्वतःच्या सर्वांत मोठ्या कामावरून धावणारी गाडी ज्याला बघायला मिळाली नाही, त्याच्या नावाचं हे पारितोषिक आहे. अभियांत्रिकीच्या कामाला किती काळ लागतो हे त्या नावातच होतं. भाषणात ते कुठेही आलं नाही.

आज बक्षिसं कशाला मिळतात ते पाहण्यासाठी कुठल्याही प्रोजेक्ट स्पर्धेच्या हॉलमध्ये अर्धा तास फिरावं. परीक्षक म्हणून मी अशा हॉलमध्ये बराच वेळ काढला आहे. शेतकऱ्यासाठी स्वयंचलित सिंचन हा प्रोजेक्ट हमखास असतो. एका ट्रेमध्ये माती, मातीत दोन दातांचा ओलावा मोजणारा सेन्सर, एक आर्डुइनो, एक रिले आणि मत्स्यटाकीत वापरतात तसला छोटा पंप. सगळं सामान पसोड्या विठोबाच्या बाजारातून नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. मुलगी माती कोरडी करून दाखवते, पंप सुरू होतो. पाणी घालते, पंप बंद पडतो. फ्लेक्सवर पाण्याची बचत किती टक्के हेही छापलेलं असतं. परीक्षक मान डोलावतात.

पण तो सेन्सर खऱ्या वावरात किती दिवस टिकेल? ओल्या मातीत सतत डीसी करंट सोडला की त्या दातांवरचा मुलामा झपाट्याने झडतो, मग खालचं तांबं खाल्लं जातं. काही आठवड्यांत आकडे भरकटतात आणि पंप नको तेव्हा चालू होतो. त्याला उपायही आहेत. सेन्सरला रीडिंग घेण्यापुरतीच वीज द्यायची, किंवा धातू उघडा न राहणारा कपॅसिटिव्ह सेन्सर वापरायचा. हे शोधून काढण्यासाठी मुलांना एक पीक, एक हंगाम वावरात राहावं लागतं. स्पर्धेला तेवढा वेळ नसतो. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन 2017 साली सुरू झालं, तेव्हापासून त्याची सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग 36 तासांची असते. सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी हवी हा त्यातला नियम मला मनापासून आवडतो. 36 तास जागून पोरं जे उभं करतात त्याचंही कौतुक आहे. पण 36 तासांत जे कळतं ते 36 तासांपुरतंच असतं, आणि आपण त्यावर आयुष्यभराचा शिक्का मारतो.

बक्षीस मिळालं की पुढे काय होतं तेही सांगतो. आर्डुइनो लॅबमध्ये जमा करावा लागतो, कारण पुढच्या बॅचला तोच लागणार असतो. ट्रे रिकामा होतो. प्रोजेक्टचा अहवाल, म्हणजे ब्लॅक बुक, बांधून ग्रंथालयात जातं आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तेच नाव बदलून छापतं. फोटो संस्थेच्या जाहिरातीत जातो. बक्षिसाची नोंद नॅक आणि एनबीए या मूल्यांकन संस्थांसाठीच्या अहवालात जाते, कारण तिथे विद्यार्थ्यांच्या यशाचे रकाने भरायचे असतात. हे रकाने कुणी वाईट हेतूने आखले असं मी म्हणत नाही. पण ते आले आणि त्याबरोबर बक्षिसांची पैदास वाढली. नोंदणी फी भरली की प्रत्येक सहभागीला काहीतरी देणाऱ्या स्पर्धा निघाल्या. तरुण अभियंत्यांना मेल पाठवून, नामांकनाचे पैसे घेऊन गौरवणाऱ्या संस्था निघाल्या. ही उघड फसवणूक आहे. तिला फसवणूक म्हणायला कॉलेजांनी कचरू नये.

इथवर वाचून कुणाला वाटेल की बक्षिसं बंदच करा असं मला म्हणायचं आहे. बराच काळ माझं मत तसंच होतं. ते बदललं शंकर आबाजी भिसे यांच्यामुळे, आणि त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण पारितोषिकाने काय होतं आणि काय होत नाही हे मला त्यांच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

भिसे 1867 साली मुंबईत जन्मले. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मुंबईत नोकरी सांभाळून ते यंत्रांच्या मागे लागले होते. 1890 च्या दशकात लंडनच्या एका संशोधकांच्या मासिकाने किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवण्याची स्पर्धा ठेवली. भिसे यांनी आपला आराखडा पाठवला आणि ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून ते पहिले आले. तो काळ डोळ्यांपुढे आणा. वसाहतीतला, कुणाची ओळख नसलेला, पदवीही नसलेला एक मराठी तरुण. त्याच्या गुणाची साक्ष देणारं दुसरं काय होतं जगात? त्या एका निकालामुळे मुंबईतल्या मोठ्या माणसांना त्याची दखल घ्यावी लागली. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांचं शिफारसपत्र घेऊन तो लंडनला गेला आणि दादाभाई नवरोजींनी त्याला हाताशी धरलं.

इथे पारितोषिकाने आपलं काम चोख केलं. ज्याच्याकडे वशिला नाही त्याच्या हाती त्याने कागद दिला. आज उदगीरच्या नाहीतर सावंतवाडीच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलीला जे वशिल्याने मिळणार नाही ते एखादं प्रामाणिक बक्षीस मिळवून देऊ शकतं. मोठ्या कॉलेजच्या मुलाच्या बायोडेटात ती एक ओळ असेल, पण तिच्यासाठी मुंबई-पुण्यातल्या कंपनीच्या फाटकातून आत जाण्याचा तोच परवाना ठरतो. बक्षिसं बंद करा म्हणणारे बहुधा ज्यांना त्यांची गरज नाही असे लोक असतात.

पण भिसे यांची गोष्ट लंडनला थांबत नाही. तिथे त्यांनी अनेक शोध लावले आणि मग छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर सारी शक्ती लावली. यंत्र चालत होतं, पण ते कारखान्यात बनवायला लागणारं भांडवल मिळेना. दादाभाई आणि ब्रिटिश समाजवादी हिंडमन यांनी खटपट केली, ती फसली. 1908 साली भिसे हात हलवत मुंबईला परतले. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीने रतन टाटांचं पाठबळ मिळालं, ते अमेरिकेला गेले, तिथे काम केलं आणि 1935 साली न्यूयॉर्कमध्ये वारले. आपण त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणतो. माझ्या मते ही बिरुदावली त्यांच्यावर अन्यायच करते, कारण एडिसनच्या मागे कारखाना, प्रयोगशाळा आणि गुंतवणूकदार उभे होते. भिसे यांच्या मागे पारितोषिक आणि मोठ्या माणसांचा आशीर्वाद होता. तो यंत्राच्या साच्याचे पैसे देत नाही.

म्हणून बक्षीस राहू द्या, पण त्याची वेळ आणि विषय दोन्ही बदला. रकमेतला मोठा भाग काम सुरू होण्याआधी साहित्यासाठी द्या, म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली तसा. उरलेला भाग आणि मानपत्र पाच वर्षांनी द्या, वस्तू चालू असेल तर. तोवर मुलं पास होऊन निघून जातील हा आक्षेप येणारच. त्याचं उत्तर पुण्यातच आहे. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह पीएसएलव्ही-सी34 ने 22 जून 2016 रोजी अवकाशात नेला. त्याचं काम 2008 च्या सुमारास सुरू झालं होतं. ज्यांनी पहिले आराखडे काढले ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पदव्या घेऊन गेलेले. बॅचने बॅचच्या हाती काम सोपवलं, चुका लिहून ठेवल्या, पुढच्यांनी त्या वाचल्या. हे शिक्षण कुठल्या तीन दिवसांच्या स्पर्धेत मिळतं? आणि त्याचं बक्षीस कुठल्या एका मुलाच्या गळ्यात घालणार? संघाला द्यावं लागेल, आठ वर्षांच्या संघाला.

दुसरी गोष्ट मला याहून निकडीची वाटते. 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. सात माणसं गेली. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्यात धोका दिसला नव्हता. आता विचार करा, आपण तरुण इंजिनिअरना गौरवतो तेव्हा कुणाला गौरवतो? नवं बांधणाऱ्याला, नवं ॲप काढणाऱ्याला. पुलाखाली शिडी लावून, हातोडीने काँक्रीट ठोकून, पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने खुणावणारी मुलगी कुणाच्या यादीत असते का? बेअरिंग अडकलंय, कव्हर सुटून सळई गंजलीय, हा पूल उद्यापासून बंद करा, असं वरिष्ठाला लेखी कळवणाऱ्या सव्विशीतल्या ज्युनिअर इंजिनिअरला आपण काय देतो? बहुतेकदा बदली. त्याच्या अहवालामुळे जो पूल पडला नाही त्याची बातमी होत नाही, त्यामुळे निवड समितीपुढे त्याचं नाव कधी जात नाही. मला जर एकच पुरस्कार ठेवायची मुभा दिली तर मी तो या अहवालासाठी ठेवीन. त्याची रक्कम हॅकेथॉनच्या पहिल्या बक्षिसापेक्षा कमी नसेल, आणि तो देताना त्या वरिष्ठालाही मंचावर बसवीन.

बिघाडाच्या नोंदीलाही असंच बक्षीस हवं. सेन्सर का सडला, पंप का जळला, शेतकऱ्याने तिसऱ्या दिवशी वायर काढून का ठेवली, हे जो गट प्रामाणिकपणे लिहील त्याने चकचकीत डेमो देणाऱ्यापेक्षा जास्त इंजिनिअरिंग शिकलेलं असतं. व्हायवाला बसणाऱ्या एक्स्टर्नलांनाही हे कळतं. मार्क देताना मात्र त्यांचा हात आखडतो, कारण फॉर्ममध्ये ‘निष्कर्ष’ असतो, ‘काय फसलं’ हा रकाना नसतो.

येत्या हिवाळ्यात पुन्हा स्पर्धांची परिपत्रकं निघतील. ती लिहिणाऱ्या प्राध्यापकांना आणि पुरस्कर्त्या कंपन्यांना माझी मागणी फार मोठी नाही. अर्जात दोन ओळी वाढवा: गेल्या पाच वर्षांतली तुमच्या कॉलेजची बक्षीसपात्र वस्तू आज कुठे चालू आहे, आणि ती बिघडली की कोण दुरुस्त करतं? ज्या कॉलेजला हे लिहिता येणार नाही त्याचा अर्ज त्या वर्षी परत पाठवा.