विकृती की आधार?

१९६९ साली सुझुकी आणि ताकाकू या जपानी शल्यविशारदांनी मेंदूच्या एका विकाराला ‘मोयामोया’ हे नाव रूढ केले. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिण्या अरुंद होत जातात आणि ती उणीव भरून काढण्यासाठी नाजूक वाहिन्यांचे जाळे फुटते. क्ष-किरण चित्रात ते धुराच्या लोटासारखे दिसते. नावाचा अर्थही तोच.

काही बालकांत हा विकार आणि मेंदूतील गाठ एकत्र आढळतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय विकाराच्या मुलांत दृष्टीच्या मज्जातंतूवरील गाठीला किरणोपचार दिल्यास मोयामोयाचा धोका वाढतो. उपचारच नवे दुखणे देऊन जातो! गाठ कापावी, तर मेंदूच्या आवरणातून आलेली जीवदायी वाहिनी तुटण्याचे भय. असे मूल जोराने रडले तरी श्वास भरभर चालून मेंदूतील वाहिन्या आकसतात आणि पक्षाघात ओढवू शकतो.

वेडेवाकडे दिसेल ते छाटावे, अशी आपली सहज धारणा. येथे वाकडेच तारक ठरते. म्हणून संपूर्ण गाठ काढण्याचा हट्ट सोडून उरलेल्या अंशावर लक्ष ठेवणे, ही हार नव्हे, असे आम्हांस वाटते. मात्र धोक्याच्या नावाखाली हात बांधून बसणे हाही विवेक नव्हे. वाढती गाठ वाट पाहत नाही.

ज्याच्यासाठी निर्णय घ्यायचा, त्या बालकाला मत मांडता येत नाही. म्हणूनच आईवडिलांनी आणि शल्यविशारदांनी ‘किती काढले?’ याआधी ‘काय राखले?’ हे विचारावे. आम्हां सर्वांनाच हा प्रश्न लागू नाही काय?