वडीलपण आणि क्षमायाचना

घरांत मोठ्या माणसाकडून लहानावर अन्याय झाला, तर त्याची भरपाई करण्याची एक ठराविक रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दुपारीं विनाकारण बोलणीं खाल्लेल्या मुलाच्या पानांत रात्रीं तुपाची धार थोडी अधिक पडते, वडील खाकरून, "जेवला का तो?" असें आईला विचारतात, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व जण कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें वागूं लागतात. या मूक रीतींत माया आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु तेवढ्यानें झालेला अन्याय धुऊन निघतो काय, आणि मोठ्यानें लहानापुढें "माझें चुकलें" असें उघड म्हणणें हें त्याचें कर्तव्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अशा क्षमायाचनेविरुद्ध दोन आक्षेप नेहमी ऐकूं येतात. पहिला असा कीं, बापानें मुलाची क्षमा मागितली, तर त्याचा धाक उरणार नाहीं. दुसरा अधिक भारदस्त आहे. काठी मारल्यानें पाणी दुभंगत नाहीं. रक्ताचें नातें तुटतच नाहीं, मग सांधावयाचें तें काय?

दुसरा आक्षेप आधीं पाहूं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं एका साध्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आईनें कांहीं महिन्यांच्या आपल्या मुलाशीं प्रथम नेहमीप्रमाणें खेळावें, आणि मग दोनतीन मिनिटें चेहरा अगदीं निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसतें पाहत राहावें, अशी त्यांत योजना होती. मूल आधीं हसून, हुंकार देऊन आईला आपल्याकडे ओढूं पाहतें. तें साधत नाहीं असें दिसतांच नजर फिरवून मिटून बसतें. पुढील निरीक्षणांत याहून महत्त्वाची गोष्ट आढळली. निकोप अशा मायलेकरांतहि सूर जुळलेला काळ एकंदर वेळेच्या एकतृतीयांशाच्या आसपासच असतो. उरलेल्या वेळांत चुकामूक होते आणि ती पुन्हां दुरुस्त केली जाते. म्हणजे दुरावा कधींच न येणें हें चांगल्या नात्याचें लक्षण नसून, आलेला दुरावा वेळोवेळीं भरून निघणें हें होय. पाणी आपोआप जुळतें; माणसांना जुळवून घ्यावें लागतें.

आतां धाकाविषयीं. मोहनदास गांधींनीं सुमारें पंधराव्या वर्षीं भावाच्या कड्यांतील सोन्याचा तुकडा चोरल्याची कबुली चिठ्ठींत लिहून आजारी वडिलांच्या हातीं दिली. वडिलांनीं उठून बसून ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रु ओघळले, आणि चिठ्ठी फाडून ते पुन्हां आडवे झाले. त्या अश्रूंनीं पित्याचा धाक कमी झाला असें पुत्राला कधींच वाटलें नाहीं. परंतु येथें कबुली लहानाची होती. हेच गांधी पुढें स्वतः पिता झाले. त्यांचे थोरले चिरंजीव हरिलाल दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहांत तुरुंगांत गेले, पण नियमित शिक्षण मिळालें नाहीं हें शल्य घेऊन १९११ सालीं वडिलांपासून दूर झाले. तें अंतर पुढें भरून आलें नाहीं; पित्याच्या हत्येनंतर पांच महिन्यांच्या आंत, १९४८ च्या जूनमध्यें, मुंबईंत त्यांचा अंत झाला. हरिलाल यांच्या वाताहतीस त्यांचीं व्यसनेंहि कारण झालीं, तेव्हां सारा दोष पित्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. तथापि मुलांना हें शल्य आहे, असें गांधींनीं आत्मचरित्रांत लिहिलें, आणि त्याबरोबरच आपल्या धोरणाचें समर्थनहि केलें. स्वतःचे दोष जगापुढें मांडण्यांत ज्यांची बरोबरी फार थोडे करतील, त्यांचीहि ही गोष्ट! जिच्या शेजारीं समर्थन बसलेलें असतें, ती कबुली ज्याचें दुखलें आहे त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं.

मग तुपाची धार कां पुरत नाहीं? आमच्या मतें, अन्याय झालेल्या मुलाला दोन दुःखें असतात. एक मार्मिक बोल लागल्याचें, आणि दुसरें, खरोखर आपलाच अपराध होता कीं काय या संशयाचें. माया पहिल्यावर फुंकर घालते. दुसऱ्याला मात्र शब्दच लागतो. तो न मिळाला, तर पानांतलें तूप पाहून मूल असें समजतें कीं आपल्याला क्षमा करण्यांत आली! अन्याय ज्याच्यावर झाला त्यालाच उपकृत व्हावें लागतें. अशा उपकारांखालीं वाढलेलीं मुलें पुढें आईबापांशीं आदरानें वागतात, पण मन मोकळें करीत नाहींत.

म्हणून जें चुकलें त्याचें नांव घेऊन तें सांगावें. "तुझें ऐकून न घेतां मीं तुला खोटें ठरविलें, तें चुकलें," एवढें पुरे. त्यापुढें "पण" हा शब्द येऊं देऊं नये. "आतां तरी हस" असा आग्रहहि धरूं नये, कारण क्षमा मागणें आपल्या हातीं, ती करणें त्याच्या. याचा अर्थ प्रत्येक नकाराबद्दल दिलगिरी दाखवावी असा नाहीं. योग्य कारणानें नाकारलेली गोष्ट नाकारलेलीच राहावी. नाकारतांना केलेला अपमान मात्र परत घ्यावा. न्यायाला नमणारी शिस्त मुलांना कळते, आणि तिचाच धाक टिकतो.

हा नियम घरांतील व घराबाहेरील इतर नात्यांसहि लागू आहे. पतिपत्नी, भाऊ भाऊ, गुरुशिष्य यांत पहिलें पाऊल कोणीं टाकावें, याचें उत्तर वयांत शोधूं नये. ज्याच्या हातीं अधिक सत्ता, त्यानें तें टाकावें. आज ती आईबापांच्या हातीं आहे. उद्यां बाप थकेल, आणि औषधाच्या वेळेपासून दारावर आलेल्या पाहुण्याला किती वेळ बसूं द्यावें येथपर्यंत सर्व मुलगा ठरवील. तेव्हां त्याच्याहि तोंडून कधीं कठोर शब्द जाईलच. त्या संध्याकाळीं म्हाताऱ्या बापाच्या खाटेजवळ बसून "माझें चुकलें" हे दोन शब्द त्याला उच्चारतां येतील कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं त्यानें ते दहाव्या वर्षीं कोणाच्या तोंडून ऐकले होते कीं नाहीं, यावर अवलंबून राहील.