सन्निकर्ष आणि दोष

प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या करताना न्यायसूत्रकार गोतममुनींनी इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षाला, म्हणजे संपर्काला, अग्रस्थान दिले आणि उत्तरकालीन विचारवंतांपुढे एक बिकट प्रश्न ठेवला : ज्ञान खोटे ठरले, तर दोष वस्तूचा मानावा, ज्ञात्याचा, की उभयतांच्या भेटीचा? शिंपल्यावर भासणाऱ्या चांदीच्या दृष्टान्तावरून शास्त्रकारांनी ज्याचा ऊहापोह केला, तो प्रश्न आज सेमीकंडक्टर चिपांच्या परीक्षणशाळेत अहोरात्र निवाड्यास येतो.

तयार चिप बाजारात जाण्यापूर्वी ‘कॉन्टॅक्टर’मध्ये बसवून तिच्या तळाच्या धातुबिंदूंना स्प्रिंगच्या बारीक पिना भिडवतात. शेजारच्या दोन बिंदूंत पुष्कळदा ०.४ मिलिमीटर इतकेच अंतर असते. आणि कडा व बिंदू यांच्या परस्परस्थानात निर्मितीचा सूक्ष्म फरक राहत असल्याने, कडा साच्यात चपखल बसल्या तरी मर्मस्थान चुकू शकते. स्थान जुळले तरी स्पर्श झालाच असे नव्हे. डोळ्यांना एकजीव भासणारी दोन धातुपृष्ठे वस्तुतः आपल्या सूक्ष्म उंचवट्यांच्या मोजक्या टोकांवरच भेटतात, आणि तेथेही बिंदूंच्या कथिलावरचा ऑक्साइडचा पापुद्रा आड येतो. दाब उणा पडला तर तो भेदला जात नाही, अधिक झाला तर चिपच दुखावते. शिवाय आधी तपासलेल्या असंख्य चिपांचे कथील पिनांच्या टोकांवर साचते, आणि पूर्वीच्या परीक्षांचा हा मळ नव्या उमेदवाराच्या माथी बसतो.

अशा अपुऱ्या स्पर्शातून निघणारा निकाल बहुधा एकाच बाजूस झुकतो, ही गोष्ट मला विशेष चिंतनीय वाटते : त्याने सदोष चिप सहसा सुटत नाही, निर्दोष मात्र कसूरवार ठरते. म्हणून जाणते अभियंते पिना स्वच्छ करून नापास चिपा पुन्हा तपासतात. आणि जेथे माप अतिसूक्ष्म, तेथे केल्व्हिनच्या पद्धतीने एकाच बिंदूवर दोन पिना टेकवून एकीतून विद्युत्प्रवाह सोडतात व दुसरीने व्होल्टेज मोजतात, जेणेकरून स्पर्शाचा स्वतःचा अवरोध हिशेबातून वगळला जावा. बाधक पुरावा मिळेपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण, असे मीमांसक म्हणतात. प्रामाण्याला बाहेरचा आधार हवा, असे नैयायिक म्हणतात. परीक्षकाच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य असते तेथे माझा कौल निःसंशय नैयायिकांना आहे.

माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच दारुण होतो. हैदराबादच्या निजामाच्या अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर तालुक्याचे गोंड पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते. परंतु पट्टा, पावती आणि फिर्याद यांचे दफ्तर उर्दूत असल्याने, अंमलदारापुढे निरुत्तर झालेल्या गोंडाचा दावा शाबीत होत नसे, आणि त्याचे मौन हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होई. १९४० साली गोंडांचे बंडखोर नेते कुमरम भीम जोडेघाटच्या डोंगरात मारले गेल्यानंतर सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्तॉफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. ते मारलवाई गावी जाऊन राहिले, गोंडी शिकले. म्हणजे गोंडांची परीक्षा घेण्याआधी त्यांनी आपला सन्निकर्ष तपासला. मारलवाईस १९४३ साली शिक्षकांचा प्रशिक्षणवर्ग उघडला, आणि मराठी त्या मुलखाची व्यवहारभाषा असल्याने गोंडीची वाचनपुस्तके नागरी लिपीत तयार झाली. ज्या समाजाला सरकारी दफ्तराने निरक्षर म्हणून बाजूस सारले होते, त्याच समाजातून ते शिक्षक निघाले.