नायकाचे निर्गमन आणि नगराचे ऋण

त्रिखंडात्मक कथेचा तिसरा खंड हा केवळ शेवट नसतो. पहिल्या दोन खंडांनी जे प्रश्न उधारीवर ठेवलेले असतात त्यांचा हिशेब त्यास चुकता करावा लागतो. क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाने ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५), ‘द डार्क नाइट’ (२००८) आणि ‘द डार्क नाइट राइझेस’ (२०१२) या तीन चित्रपटांतून बॅटमॅनची कथा मांडली. ही व्यक्तिरेखा १९३९ मध्ये अमेरिकी चित्रकथांत जन्मली. महानायकांच्या अशा कथांकडे मराठी समीक्षा सहसा बाजारी करमणूक म्हणून पाहते, आणि ते पाहणे सर्वस्वी अन्यायाचे आहे असेही नाही. तथापि एखाद्या काळाच्या नैतिक गृहीतकांचा शोध घ्यावयाचा तर लोकप्रिय मिथक अभिजात कृतीइतकेच उपयोगी पडते. किंबहुना अधिकच, कारण तेथे गृहीतके सावधपणे झाकलेली नसतात. या त्रयीच्या अखेरच्या चित्रपटाने दोन प्रश्न ऐरणीवर आणले आहेत. नगराची शांतता असत्यावर उभी राहू शकते काय, आणि तारणहार निघून जातो तेव्हा नगराजवळ नेमके काय उरते?

दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी गॉथम नगराचा सचोटीचा सरकारी वकील हार्वी डेंट सूडाने वेडा होऊन खुनी बनतो आणि मरतो. त्याचे पतन उघड झाले तर नगराचा धीर खचेल, या भयाने बॅटमॅन त्याचे अपराध स्वतःच्या माथी घेतो आणि पोलीस अधिकारी गॉर्डन त्या असत्याला साथ देतो. तिसरा चित्रपट आठ वर्षांनंतर सुरू होतो. डेंटच्या नावाने झालेल्या कायद्याखाली शेकडो माणसे पॅरोलविना तुरुंगात आहेत आणि रस्ते शांत आहेत. राज्याच्या हितासाठी प्रजेला उदात्त असत्य सांगावे, ही प्लेटोची सूचना येथे जणू अमलात आलेली दिसते. परंतु भारतीय परंपरेने या सूचनेला फार पूर्वीच एक उत्तर देऊन ठेवले आहे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी धर्मराज अर्धसत्य बोलला आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ भूमीला टेकला. महाभारतकाराने युद्धातील यश नाकारले नाही. यशाची किंमत मात्र लपविली नाही. असत्याने युद्ध जिंकता येते, पण जिंकणारा पूर्वीचा राहत नाही, हा त्या कथेचा मर्मार्थ. गॉर्डनचा रथ असाच टेकलेला आहे. सत्य सांगणारे भाषण त्याने लिहिले आहे, पण ते वाचण्याचे धैर्य त्याला होत नाही. ते कागद शत्रूच्या हाती पडतात आणि बेन हा आक्रमक ते तुरुंगाच्या दाराशी उभा राहून जाहीरपणे वाचतो. जे सत्य मित्राने वेळेवर सांगितले नाही ते शत्रूच्या तोंडून आले की शस्त्र बनते, ही या चित्रपटाची सर्वांत प्रौढ जाणीव होय.

वस्तुतः या चित्रपटात असत्ये तीन आहेत, आणि त्यांची परस्परतुलना केल्यावाचून त्याचा नैतिक व्यूह उलगडत नाही. पहिले गॉर्डनचे, ते सार्वजनिक आहे, त्यातून कायदा निर्माण होतो आणि त्याची किंमत तुरुंगातील माणसे मोजतात. दुसरे आल्फ्रेड या वृद्ध सेवकाचे. नायकाच्या प्रेयसीने मृत्यूपूर्वी लिहिलेले पत्र त्याने जाळून टाकलेले असते. हे असत्य खासगी आहे, सांगणाराच ते स्वतःहून कबूल करतो आणि ज्याला मुलासारखे वाढविले त्याचे घर सोडून जाण्याची किंमतही स्वतःच मोजतो. तिसरे असत्य स्वतः नायकाचे. अखेरीस तो अणुबाँब समुद्रावर वाहून नेतो, स्फोट होतो, नगर त्याला मृत समजते आणि त्याचा पुतळा उभारते. पुढे आल्फ्रेडला तो फ्लॉरेन्समधील एका उपाहारगृहात सुखाने बसलेला दिसतो.

तीन असत्यांना चित्रपट देत असलेली फळे पाहण्याजोगी आहेत. पहिले उघडे पडते आणि त्याची नाचक्की होते; दुसरे कबूल केले जाते आणि त्यातून विरह येतो; तिसरे कधीच उघड होत नाही आणि त्याला आनंदाश्रूंनी आशीर्वाद मिळतो. जवळच्या वर्तुळास सत्य आणि नगरास पुतळा, अशी ही वाटणी आहे. ज्या चित्रपटाने खोट्या नायकाच्या पूजेवर उभी राहिलेली शांतता कशी कोसळते हे दोन तास दाखविले, तोच चित्रपट शेवटी नगराला पुन्हा एका अर्धसत्य पूजेच्या हवाली करतो. हा विरोधाभास दिग्दर्शकाच्या लक्षात आला नसेल असे मानणे कठीण आहे. परंतु त्याने त्याचे प्रश्नात रूपांतर केले नाही, सांत्वनात केले.

डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) या कादंबरीचा चित्रपटाने घेतलेला आधार या संदर्भात बोलका ठरतो. नायकाच्या थडग्यापाशी गॉर्डन त्या कादंबरीच्या शेवटातील ओळी वाचतो. कादंबरीतील सिडनी कार्टन दुसऱ्याच्या नावाने गिलोटिनखाली जातो. त्याचे बलिदान भोवतालच्या गर्दीला कळत नाही आणि तो खरोखरच मरतो. चित्रपटात नेमके उलट घडते. मुखवटा सन्मानाने मरतो आणि माणूस जगतो. मेलेल्या माणसासाठी लिहिलेले शब्द जिवंत माणसाच्या रिकाम्या थडग्यावर वाचले जातात. मधल्या भागातील प्रतिमेशीही हा शेवट विसंगत आहे. विहिरीसारख्या खोल तुरुंगातून बाहेर पडण्याचा नायकाचा प्रयत्न कमरेला दोर बांधलेला असेपर्यंत फसतो. दोर सोडून उडी घेतल्यावरच, म्हणजे मृत्यूचे भय पुन्हा जागे झाल्यावरच, तो वर येतो. बलिदानाविषयीचा इतका नेमका विचार मांडणारा चित्रपट शेवटी सांगतो की विमानातील स्वयंचलित यंत्रणा नायकाने कित्येक महिने आधीच दुरुस्त करून ठेवली होती. दोर होताच. तो केवळ नगराला दिसला नाही.

नायकाने जगू नये असा या टीकेचा अर्थ नाही. दीर्घकाळ लोकांसाठी झिजलेल्या माणसाने एक दिवस मुखवटा उतरवून स्वतःचे आयुष्य मागितले तर त्यात अधर्म नाही. शिवाय पहिल्या असत्याने इतरांना तुरुंगात ठेवले, तिसऱ्याने कोणाचेच काही हिरावले नाही, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो दुर्बळ नाही. परंतु त्याने हिरावलेली वस्तू सूक्ष्म आहे. आपल्यासाठी कोणी मेला, या समजुतीने नगराच्या मनात जे ऋण निर्माण होते ते फेडता येत नाही, आणि जे फेडता येत नाही ते केवळ पूजिले जाते. नायक थकून निघून गेला, आता पुढचे आपणच पाहावयाचे, हे सत्य नगराला प्रौढ करू शकले असते. पुतळ्याने त्याला अज्ञान ठेवले.

नगर प्रौढ असू शकते हे याच त्रयीने एकदा दाखविले होते. दुसऱ्या चित्रपटातील दोन बोटींचा प्रसंग त्याची साक्ष देतो. एका बोटीत सामान्य नागरिक, दुसरीत कैदी. प्रत्येकीजवळ दुसरी बोट उडविण्याची कळ. मध्यरात्र होते आणि कोणीही कळ दाबत नाही. तेथे तारणहार नव्हता. भ्यालेल्या, चिडलेल्या, मतदानही घेऊन पाहिलेल्या माणसांनी शेवटी हात आवरला. त्रयीतील हा एकमेव क्षण असा आहे की ज्यात नगर स्वतः नैतिक कर्ता बनते. तिसऱ्या चित्रपटात मात्र वेढा पडलेल्या नगरातील सामान्य माणूस जवळजवळ अदृश्य होतो. श्रीमंत ओढले जातात, कैदी लोकन्यायालये भरवतात, भुयारात अडकलेले हजारो पोलीस बाहेर येऊन लढतात. पण भाकरी कोणी भाजली, रुग्णांना कोणी सांभाळले, शेजाऱ्याला कोणी लपविले, याचे दृश्य नाही. पहिल्या चित्रपटातही नगराचे पाणी दिसते ते केवळ त्यात विष मिसळण्यापुरते.

ही उणीव दूरच्या नगराची म्हणून सोडून देता येत नाही. वसई-विरारसारख्या ठिकाणी हा चित्रपट पाहणाऱ्यास पाण्याचा आणि पुतळ्याचा, दोन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. किल्ल्याच्या परिसरात त्यांचा पुतळा आहे आणि तो यथोचित आहे. सेनापती तेथे खरोखरच होता, आणि विजयानंतर दीड-दोन वर्षांतच, १७४० च्या डिसेंबरात, त्याचे निधन झाले. तथापि मोर्चे खणणारे, सुरुंग भरणारे आणि बुरुजाच्या खिंडारात पडलेले लोक स्मृतीत एका नावाआड गेले. विजयाच्या खुणा म्हणून नेलेल्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवळांत आहेत. त्या वाहून नेणारे खांदे मात्र अनामिक आहेत. एका नावाभोवती इतिहास गुंफला की बाकीचे लोक आपोआप प्रेक्षक होतात.

याच भूमीत नायकत्वाचा दुसरा एक नमुनाही घडला. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाने बेबंद बांधकाम आणि विहिरींतून टँकरने होणारा पाण्याचा उपसा यांना विरोध केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे सर्वपरिचित नाव. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘नाही मी एकला’ असे आहे. गॉथमचा नायक मुखवटा घालून एकटा रात्री निघतो. हा नेता उघड्या चेहऱ्याने, नावासह, गावकऱ्यांबरोबर चालला. मुखवट्याला उत्तरदायित्व नसते, चेहऱ्याला असते. चेहऱ्याशी भांडता येते, त्याची चूक दाखविता येते. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो यांचे निधन झाले. अशा निधनानंतर येणारी कसोटी पुतळ्याची नव्हे. बावखले बुजविली जात असताना कोण उभे राहते, याची आहे.

२००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची अनेक गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा गावांनी त्यास कडवा विरोध केला. २०११ च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्या विरोधाच्या बाजूने वा विरुद्ध कोणतेही मत असो, आपले गाव कोणाच्या कारभाराखाली असावे हा प्रश्न लोकांनी स्वतः विचारला, ही गोष्ट नैतिकदृष्ट्या मोलाची आहे. गॉथममध्ये तो प्रश्न कोणी विचारत नाही. तेथे नगर एक तर वाचविले जाते वा उद्ध्वस्त केले जाते. चालविले जात नाही.

‘द डार्क नाइट राइझेस’ हा चित्रपट म्हणून सामान्य नाही. खोट्या शांततेचे निदान त्याने धैर्याने केले आहे आणि दोराच्या प्रतिमेत बलिदानाचा खरा अर्थ त्याच्या हाती आला होता. तो निसटला, कारण नायकाला मुक्त करताना नगरालाही मुक्त करावे लागते, हे त्याला मान्य करता आले नाही. तारणहाराची आवश्यकता असणे हा कोणत्याही नगराचा दोष नव्हे. संकटकाळी कोणीतरी पुढे यावेच लागते. परंतु त्याच्या जाण्याविषयीचे सत्य नगरापासून लपविले, तर लोकांच्या वाट्याला पुढच्या तारणहाराची वाट पाहणे एवढेच काम उरते. पुतळ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या नागरिकांना हे सत्य सांगण्यास त्या चित्रपटात कोणीही पुढे येत नाही.