आठ कला आणि चोवीस बिट

एक आकडा मनात धरा. मोठा नको, ०.१ पुरे. प्राथमिक शाळेत भेटलेला, कधी कुणाला त्रास न दिलेला आकडा. आता कागद घ्या आणि त्याची दुप्पट करत चला. दर दुपटीनंतर दशांश चिन्हाच्या डावीकडे ० किंवा १ जे येईल ते बाजूला लिहायचं आणि उरलेल्या भागाची पुन्हा दुप्पट करायची. घाई करू नका.

०.२ आले, डावीकडे ०. मग ०.४, पुन्हा ०. मग ०.८, पुन्हा ०. मग १.६, इथे १ लिहा आणि ०.६ पुढे न्या. मग १.२, पुन्हा १, आणि हातात उरले ०.२. हे ०.२ मघाशीच येऊन गेलं. म्हणजे इथून पुढे ०, ०, १, १ हेच चार अंक फिरून फिरून येत राहणार, आणि तुम्ही रात्रभर बसलात तरी हात थांबवायला काही कारण मिळणार नाही. द्विमान पद्धतीत ०.१ चं खरं रूप हे असं न संपणारं आहे. संगणकाची जागा मात्र संपते, म्हणून तो कुठेतरी थांबतो.

कुठे थांबायचं हे १९८५ साली आयईईई ७५४ या मानकाने ठरवून दिलं. त्यामागे मुख्यतः विल्यम काहान या गणितज्ञाचं काम होतं. दोन मुक्काम जास्त वापरात आहेत. ३२ बिटांच्या आकड्यात २४ द्विमान अंक मावतात, म्हणजे आपले साधारण ७ दशमान अंक. ६४ बिटांच्या आकड्यात ५३ मावतात, म्हणजे आपले १५ ते १६. पहिल्या मुक्कामावर ०.१ होतो ०.१०००००००१४९..., दुसऱ्यावर ०.१००००००००००००००००५५... दोघांनाही आपण ०.१ च म्हणतो, आणि दोघांतला एकही ०.१ नाही. शेजारी ठेवून ‘हे समान आहेत का?’ असं यंत्राला विचारलं तर ते ‘नाही’ म्हणतं, आणि ते खरंच बोलत असतं. ०.५ बाबत हाच प्रश्न विचारला तर उत्तर ‘हो’ येतं, कारण ०.५ पहिल्याच पावलात संपतो.

इथे थोडं थांबू या. सातव्या अंकानंतरचा फरक कुणाला दिसणार आहे, असा विचार मनात आला असेल. तो चुकीचा नाही. हिशेबात, मोजमापात, बहुतेक विज्ञानातही मोजणीची मूळ अनिश्चितता याहून कितीतरी मोठी असते. पण आता अशा एका कामाकडे वळू, जिथे यंत्र आकड्यांवरून उत्तर नव्हे तर सूत्रच शोधतं.

त्या कामाला सिम्बॉलिक रिग्रेशन म्हणतात. साध्या रिग्रेशनमध्ये सूत्राचा आकार आपण ठरवतो, सरळ रेषा किंवा परवलय, आणि यंत्र फक्त त्यातले स्थिरांक बसवतं. इथे आकारही मोकळा असतो. बेरीज, गुणाकार, वर्गमूळ, साइन असे सुटे भाग यंत्राला दिले की ते त्यांची लाखो झाडं बांधतं, मोडतं, एकाची फांदी दुसऱ्याला जोडतं, आणि प्रत्येक झाडाची चूक मोजून बरी झाडं राखतं. १९९२ मध्ये जॉन कोझा यांनी जेनेटिक प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथात ही वाट पक्की केली. २००९ मध्ये मायकेल श्मिट आणि हॉड लिप्सन यांनी दुहेरी लंबकाच्या नोंदींतून भौतिकीचे नियम काढून दाखवले. आज संशोधकांच्या हातात दिसणारं एक मोफत साधन म्हणजे माइल्स क्रॅनमर यांचं पायएसआर. त्याचं इंजिन ज्युलिया भाषेत आहे आणि दर्शनी भाग पायथॉनमध्ये. सूर्यमालेच्या ३० वर्षांच्या कक्षांवरून न्यूटनचा गुरुत्वनियम पुन्हा शोधण्याचा २०२२ मधला प्रयोगही याच साधनाने झाला.

सांगून ठेवतो, पायएसआर सांगितल्याशिवाय ६४ बिटांत चालत नाही. त्याची ठरीव रीत ३२ बिटांची आहे, आणि माझ्या मते ती निवड योग्य आहे. अर्धी स्मृती लागते, प्रोसेसरच्या एका घासात दुप्पट आकडे जातात, आणि लाखो झाडं तपासायची असताना हा वेग मोलाचा असतो. गडबड पुढे होते. पायथॉनमध्ये दशांश आकडा सहसा ६४ बिटांचा असतो. तुमच्या नोंदी ६४ बिटांत होत्या. त्या ३२ मध्ये उतरवल्या गेल्या. सूत्र ३२ मध्ये जगलं, स्पर्धा करून जिंकलं. आणि मग तुम्ही ते उचलून पुन्हा ६४ मध्ये चालवलंत. एकच सूत्र दोन वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून गेलं. यातला प्रत्येक टप्पा सावकाश पाहण्याजोगा आहे.

पहिला टप्पा म्हणजे नोंदी उतरवणं. याच्यापाशी सर्वांत जास्त वेळ बसावं असं मला वाटतं.

मनात मंगळ आणा. योहानेस केप्लर टायको ब्राहेच्या निरीक्षणांवर वर्षानुवर्षं झुंजत होता. एका अर्थी तो हातानेच सिम्बॉलिक रिग्रेशन करत होता: एक आकार घ्यायचा, स्थिरांक बसवायचे, चूक मोजायची, आकार टाकून द्यायचा. वर्तुळावर बेतलेलं त्याचं गणित फार चांगलं जमलं होतं. तरी काही ठिकाणी मंगळाची गणिताने येणारी जागा आणि टायकोने पाहिलेली जागा यांत ८ कलांचा फरक राहिला. साठ कलांचा एक अंश. ८ कला म्हणजे आकाशातल्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा. टायकोची निरीक्षणं एवढी चुकणार नाहीत हा त्याचा विश्वास होता. म्हणून त्याने निरीक्षण नव्हे, वर्तुळ सोडलं. १६०९ च्या ‘अस्ट्रोनोमिया नोव्हा’मधला लंबवर्तुळाचा नियम या फरकातून निघाला.

आता याच मंगळाच्या नोंदी आजच्या पद्धतीने यंत्राला द्या. खगोलशास्त्रात काळ मोजायला ज्युलियन दिनांक वापरतात, इसवी सनापूर्वी ४७१३ पासून सलग मोजत आलेले दिवस. १ जानेवारी २००० ची दुपार म्हणजे दिवस २४५१५४५. हा आकडा ३२ बिटांत ठेवू पाहा. तो २ च्या २१ व्या आणि २२ व्या घातांच्या मध्ये पडतो. चोवीस अंकांपैकी बावीस तर पूर्ण दिवसांतच खर्च झाले, अपूर्णांकाला उरले दोन. दोन द्विमान अंकांत पाव, अर्धा, पाऊण एवढंच लिहिता येतं. म्हणजे ३२ बिटांतल्या ज्युलियन घड्याळाचा काटा सहा सहा तासांनी उडी मारतो. तुम्ही निरीक्षणाची वेळ सेकंदापर्यंत लिहिली असेल. ती जवळच्या सहा तासांच्या खुणेवर जाऊन बसते, कुठलीही सूचना न देता.

मंगळ सूर्याभोवती ६८७ दिवसांत फिरतो, दिवसाला सरासरी ३१.४ कला. सहा तासांत किती? जरा स्वतःच भागाकार करा. ७.९ कला येतात.

हा निव्वळ योगायोग आहे, त्याला गूढ अर्थ चिकटवायचं कारण नाही. हेही खरं की खूण सहा तासांवर असली तरी एका नोंदीची चूक जास्तीत जास्त तीन तासांची, म्हणजे चार कलांच्या आतली. पण घड्याळाच्या दोन लगतच्या खुणांमधलं अंतर आणि वर्तुळाला पदच्युत करणारा फरक एकाच मापाचे निघावेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अशा नोंदींवर बसलेलं यंत्र वर्तुळाला दोषी ठरवू शकेल का? कदाचित शेकडो नोंदींच्या सरासरीतून ठरवेलही. पण नोंदींवर विश्वास ठेवण्याचा केप्लरचा आधार मात्र त्याच्यापाशी उरलेला नसेल, आणि ते त्याला कळणारही नाही.

यावरचा उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. ६४ बिटांत असतानाच २४५१५४५ वजा करा आणि मग ३२ मध्ये उतरवा. २००० पासून मोजलेले दिवस आज चार-पाच अंकी आहेत. काट्याची उडी सहा तासांवरून सुमारे ८४ सेकंदांवर येते.

दुसरा टप्पा सूत्राच्या आत आहे. केप्लरचा तिसरा नियम घ्या, १६१९ च्या ‘हार्मोनिसेस मुंडी’तला: कक्षेच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. न्यूटनच्या भाषेत काळाचा वर्ग म्हणजे ४π² गुणिले अंतराचा घन, भागिले सूर्याचा गुरुत्व-स्थिरांक. अंतरं मीटरमध्ये द्या. ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा सुमारे ३.४ × १० चा ३८ वा घात. यंत्राने आधी गुणाकार केला आणि मग भागाकार, तर शनीला गुणाकार येतो १.२ × १० चा ३८ वा घात. मावला. युरेनसला तो ९ × १० चा ३८ वा घात होतो आणि यंत्र उत्तर देतं: अनंत. अनंत देणारं झाड पायएसआर बाद करतं. केप्लरला माहीत असलेले सहाही ग्रह या पट्टीत बसतात. विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये शोधलेला सातवा यादीत आला की बरोबर सूत्रच स्पर्धेतून बाहेर. तेच सूत्र आधी भागाकार करून मांडलं तर जगतं. बीजगणिताला या दोन मांडण्या एकच वाटतात. शोधाच्या दृष्टीने त्यांतली एक जिवंत आणि एक मेलेली. अंतरं खगोलीय एककांत दिली असती तर प्रश्नच आला नसता, आणि एककं निवडण्याचं काम यंत्राचं नाही, आपलं आहे.

आता शेवटाकडे, जिथे सूत्रं एकमेकांशी झुंजतात. समजा नोंदी अगदी स्वच्छ आहेत, कसलाही गोंगाट नाही, आणि आकडे एकच्या आसपासचे आहेत. अगदी बरोबर सूत्राचीही वर्गचूक ३२ बिटांत शून्य होत नाही. ती १० च्या उणे १४ व्या घाताच्या आसपास कुठेतरी टेकते. तो तळ निसर्गाचा नसतो, जाळीचा असतो. पायएसआर सूत्राचा गुण चुकीच्या लॉगरिथमवर काढतं: गुंतागुंत किती वाढली आणि लॉगरिथम किती उतरला. लॉगरिथमला तळ कळत नाही. एकावरून शंभराव्या भागावर येणं आणि त्या तळाशी तितक्याच पटीने उतरणं त्याच्या लेखी सारखंच. शिवाय त्याची ‘सर्वोत्तम’ निवड, सर्वांत अचूक सूत्राच्या चुकीच्या दीडपटीत बसणाऱ्या सूत्रांमधूनच होते. आता कल्पना करा: खऱ्या सूत्राची चूक ३, आणि एखादं निरर्थक शेपूट जोडल्याने राउंडिंग योगायोगाने जुळून आलेल्या सूत्राची चूक १, दोन्ही त्या अतिसूक्ष्म मापात. खरं सूत्र दीडपटीच्या बाहेर पडलं. निवड शेपटाची झाली.

इतर गणनांत राउंडिंग उत्तर किंचित बिघडवतं आणि आपण ते सोसतो. इथे ते सूत्र निवडतं. किंचित चुकलेलं सूत्र असं काही नसतं. शेपूट एक तर आहे किंवा नाही.

छपाईचाही एक टप्पा आहे. पडद्यावर स्थिरांक सहसा पाच अंकांत दिसतो. ६.२८३२ वाचून तुम्ही तो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हाताने लिहिलात, तो साइनच्या आत होता, आणि काळ १०,००० पर्यंत गेला, तर तिथे कोन ०.१५ रेडियनने, म्हणजे आठ अंशांहून जास्त, सरकलेला असेल. यंत्राच्या पोटातला आकडा नीट होता. नक्कल करणारा हात आपला.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त व्यास आणि परिघाची दोन गुणोत्तरं दिली. ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म, आणि २२ भागिले ७ हे स्थूल, व्यवहारापुरतं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेख आजही उपलब्ध आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्याला परिघाचा आकडा मिळायचा तो किती बारीक आहे या शेऱ्यासकट. आपल्या फायलींमधल्या सूत्रांना तो शेरा नसतो.

तर तुमच्यापाशी असं यंत्राने शोधलेलं एखादं सूत्र पडलं असेल, तर आज ते उघडा. मूळ नोंदी ६४ बिटांत घ्या, स्थिरांक छापलेले नव्हे तर फाइलमधले पूर्ण अंक घ्या, आणि चूक पुन्हा मोजा. मोठ्या आकड्यांतून मूळबिंदू वजा केला होता का ते पाहा. पायएसआरमध्ये प्रिसिजनची किंमत ३२ ऐवजी ६४ करून शोध पुन्हा एकदा चालवा आणि तेच सूत्र वर येतं का बघा. आणि ते कुणाला पाठवाल तेव्हा खाली एक ओळ लिहा: किती बिटांत शोधलं, किती बिटांत तपासलं.