मुखपट्टी आणि विटाळ

एस्. टी.तले भांडण हा काही परमार्थाच्या मासिकाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे उलट आहे. देवळात माणूस सांभाळून वागतो. त्याच्या मनात खरोखर काय आहे ते भरल्या गाडीत, दोघांच्या बाकावर तिसरा सरकून बसू पाहतो तेव्हा कळते. म्हणून सन २०२० ते २०२२ या साथीच्या काळात एस्. टी.त व मुंबईच्या लोकलमध्ये तोंडाला मास्क बांधण्यावरून जे तंटे झाले, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण तंटा पुरता मिटलेला नाही. आजही कोणी मास्क लावून बसला की शेजारचा हसतो, "काय हो, अजून भ्या जाईना का?" आणि कोणी उघड्या तोंडाने खोकला की मागच्या बाकावरून डोळे वटारले जातात.

घडले ते थोडक्यात असे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती सुरू झाली. एप्रिल २०२० मध्येच मुंबईत चारचौघांत मुखपट्टी सक्तीची झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये रेल्वेने गाडीत व स्थानकात मास्क नसणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंड ठरविला. पुढे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात ही सक्ती उठली. आपल्याला तर हा काळ विसरताच येणार नाही. २०२० साली माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका एस्. टी.त बसून पंढरीस गेल्या, आणि पायी वाट सुनी राहिली. २०२१ सालीही पायी सोहळा झाला नाही.

आता वादाकडे येऊ. मास्क न बांधणाऱ्याचे पहिले म्हणणे असे, की तोंड माझे, श्वास माझा. तुम्हाला भीती वाटते तर तुम्ही बांधा. दिसायला हे सरळ आहे. शेतात एकटा असलास तर श्वास तुझाच, बाबा. पण सकाळी आठच्या लोकलमध्ये हाताला हात लागलेला, तोंडासमोर तोंड आलेले. तेथे तू सोडलेला श्वास दुसऱ्या क्षणी शेजाऱ्याच्या छातीत असतो. आणि तो शेजारी उतरून जाऊ शकत नाही. त्याला कामावर खाडा परवडत नाही, किंवा ती बाई इस्पितळात आयाचे काम करते व तिला वेळेवर पोहोचायचे आहे. ज्याला दूर सरकायला जागा नाही, त्याच्यापाशी "तुझे तू बघ" हे बोलणे शोभत नाही.

दुसरे म्हणणे आपल्याच लोकांत फार ऐकू आले. मरण देवाच्या हाती आहे, पट्टीच्या हाती नाही. अहो, स्वतःचे मरण देवावर सोपवणारा धन्य. पण शेजाऱ्याचे मरण त्याला न विचारता देवावर सोपविण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? हेच माउली घाटात ड्रायव्हरला मात्र "ब्रेक बघून घ्या हो" असे सांगतात.

तिसरे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. लोक म्हणत, आधी सांगितले निरोग्याला मास्क नको, मग सांगितले सर्वांनी लावा, खरे कोणते? हे झाले होते खरे. २०२०च्या आरंभी तसाच सल्ला दिला जाई. जागतिक आरोग्य संघटनेने जूनमध्ये तो बदलला. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही रोग पसरतो, हे तोवर ध्यानात येत गेले होते. माहिती वाढली म्हणून सल्ला बदलला. पण हे कारण लोकांना नीट बसून कोणी सांगितले? दंडाची पावती मात्र लगेच हातात आली. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, तेव्हा प्लेगइतकेच लोक त्या झडत्यांना भ्याले होते. धाकाने पाळलेला नियम किती टिकतो हे गाडीतही दिसे. तपासनीस आला की पट्टी नाकावर, गेला की हनुवटीवर! महाराज दिसले की तुळशीची माळ सदऱ्याबाहेर काढणारे असतात ना, तसेच हे.

परंतु चौथा आक्षेप सर्वांत खोल आहे. एक वृद्ध टाळकरी म्हणाले, "अहो, विटाळ मोडायला संतांनी जन्म घालवला. १९४७ साली साने गुरुजी पंढरीत उपाशी बसले तेव्हा देवळाचं दार अस्पृश्य म्हटलेल्यांना उघडलं. आन् आता तुम्ही सांगता, माणसापास्नं लांब ऱ्हा, तोंड झाका! हा विटाळ नाही तर काय?" या प्रश्नाला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

विटाळाची चाल अशी असते, की दोष समोरच्यात आहे, तो जन्माने आहे, आणि मी शुद्ध आहे. म्हणून तो माझ्यापासून दूर असो. साध्या कापडी पट्टीचे काम तपासून पाहा. ती बाहेरचे थोडेफार अडवते. तिचा मोठा उपयोग आपल्याच तोंडातून उडणारे तुषार आपल्याच जवळ अडविण्याचा. म्हणजे पट्टी बांधणारा मनात म्हणतो, दोष कदाचित माझ्यात असेल, मला तो दिसत नाही, पण तुला त्याची बाधा न होवो. हा विटाळ उलटा झाला की नाही? स्थानकवासी जैन साधू मुहपत्ती बांधतात ती हवेतल्या सूक्ष्म जीवांस इजा होऊ नये म्हणून. पारशांचे धर्मगुरू आपला श्वास पवित्र अग्नीस लागू नये म्हणून तोंडावर पदान घेतात. या दोन्ही ठिकाणी झाकलेले तोंड स्वतःचे आणि सांभाळलेला जीव वा अग्नी समोरचा.

याच साथीत एक चमत्कारिक वस्तू बाजारात आली होती, तिच्याकडे पाहिले की भेद स्पष्ट होतो. एन-९५ मास्कला पुढे एक लहानशी झडप असे. श्वास आत घेताना हवा गाळून येई. सोडताना झडप उघडे आणि श्वास न गाळता सरळ बाहेर. लावणाऱ्याला मोठा आराम! जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळविले, की असला झडपेचा मास्क साथ रोखण्याच्या कामाचा नाही. तुमचा मला लागू नये, माझा तुम्हाला लागला तर लागो, हा त्या झडपेचा न्याय. विटाळाचा न्याय याहून फारसा निराळा नसतो. आणि खरे सांगायचे तर झडप नसलेल्या मास्कमागेही पुष्कळांच्या मनात ती होतीच.

नाहीतर शहरातून गावी परतणाऱ्या मजुरांना वेशीवर काट्याकुट्या टाकून अडविले गेले नसते. एस्. टी.त मळक्या सदऱ्याच्या, रुमाल बांधलेल्या माणसाला "सरक तिकडे" म्हणणारा, इस्त्रीच्या कपड्यातला पट्टीवाचूनचा माणूस शेजारी आला तर गप्प बसे. तेथे टाळकरीबुवांचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. मास्क लावूनही विटाळ पाळता येतो.

मग गाडीत वागावे कसे? पट्टी न लावणारा सगळाच उद्धट नसतो. दम्याच्या रोग्याचा जीव गुदमरतो. ज्याला ऐकू येत नाही तो समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेतो. सगळ्यांची तोंडे झाकली गेली तेव्हा त्याला जग मुके झाले. काहींजवळ एकच पट्टी, तीही पावसाने भिजलेली. अशाला चारचौघांत खडसावण्यापेक्षा आपली खिडकीची जागा देणे बरे, खिडकी उघडी ठेवणे बरे. कंडक्टरने शंभर माणसांशी वाद घालून तिकिटे फाडली त्या दिवसांत. त्याच्यावर आणखी ओरडण्यात काय पुरुषार्थ होता?

आज सक्ती नाही, म्हणून प्रश्न दंडाचा राहिलेला नाही. आता तो आपल्याकडे आला आहे. आषाढीहून परतताना दिंडीच्या ट्रकमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसात भिजून निम्मे लोक खोकत असतात. त्यांत सत्तरीच्या म्हाताऱ्या आया असतात, मधुमेहाचे रोगी असतात. विणेकरी व चालकांनी औषधाच्या पेटीत तापाच्या गोळ्यांबरोबर पाचपंचवीस मास्कही ठेवावेत. खोकणाऱ्याला "माउली, एवढं बांधा आणि इकडं वाऱ्याशी बसा" असे म्हणून द्यावा. देताना त्याच्या पाया पडायला विसरू नये. ज्याचा दम लागतो त्याने बांधू नये, त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवावे. आणि ज्याने आपणहून बांधला आहे, त्याला भित्रा म्हणून हसण्याआधी विचारून तरी पाहावे. पुष्कळदा घरी आजारी माणूस असतो.